पंगतीतून जहाजावर: क्रूझच्या डायनिंगमध्ये पहिलं कॉन्ट्रॅक्ट घेणाऱ्यांसाठी

रविवारी सकाळी ऐरोलीतल्या आमच्या डायनिंग टेबलावर घरच्यांना नाश्ता मिळत नाही. टेबलावर पांढरी चादर अंथरलेली असते आणि कळवा, घणसोली, दिव्याहून आलेली तीन-चार मुलंमुली तिच्यावर काटे-सुऱ्या मांडत असतात. नवरा पोह्यांची बशी घेऊन मुकाट गॅलरीत जातो. कोणाची मुलाखत तोंडावर आलेली असते, कोणाचा व्हिसा व्हायचा असतो, कोणी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला असतं. मी अकरा वर्षं क्रूझवर काढली. असिस्टंट वेट्रेस म्हणून चढले, हेड वेट्रेस म्हणून उतरले. दर रविवारी जे तोंडी सांगते ते एकदा सलग लिहून काढते आहे. ऐरोलीपर्यंत येणं ज्यांना जमत नाही त्यांचंही काम होईल.

१. आधी जहाज ओळखा

'क्रूझवर लागलो' एवढ्याने काही कळत नाही. कोणत्या जहाजावर, यावर सगळं काम ठरतं. रॉयल कॅरिबियनचं २०२४ साली सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. केबिनमागे दोघे धरले तर ५,६१० पाहुणे आणि साधारण २,३५० कर्मचारी. आता रीजंटचं 'सेव्हन सीज एक्सप्लोरर' घ्या. तिथे साधारण ७५० पाहुणे आणि साडेपाचशेच्या आसपास कर्मचारी. म्हणजे पहिल्यावर एका कर्मचाऱ्यामागे जवळजवळ अडीच पाहुणे, दुसऱ्यावर दीडच्याही आत. लक्झरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरं येतात. वाढणाऱ्याच्या दृष्टीने लक्झरी म्हणजे हा हिशोब. माणसं जास्त आहेत, त्यामुळे 'घाईत राहून गेलं' हे कारण चालत नाही.

मोठ्या जहाजांवर मेन डायनिंग रूममध्ये बऱ्याचदा दोन पाळ्या असतात, एक संध्याकाळी लवकर आणि एक उशिरा. ज्यांनी ही पद्धत घेतली ते पाहुणे रोज त्याच टेबलावर, त्याच वेळी येतात. सात रात्रींत त्यांच्या नातवंडांची नावंसुद्धा तुम्हाला पाठ होतात. लक्झरी जहाजावर पाहुणा हवं तेव्हा, हवं तिथे, हव्या त्या माणसांबरोबर बसतो. आज तुमच्याकडे, उद्या तिसऱ्याच रेस्टॉरंटात. पण तिथेही लिंबाशिवायचं पाणी न सांगता यावं ही त्याची अपेक्षा असते. म्हणून पाळी सुरू होण्याआधीची ब्रीफिंगची दहा मिनिटं तिथे फार महत्त्वाची. कोणाचा वाढदिवस, कोणाला गुडघ्यामुळे सोफ्याच्या बाजूची जागा लागते, कोणी काल सूप परत पाठवलं, हे सगळं तिथे सांगितलं जातं. मागे उभं राहून जांभया देणाऱ्यांच्या हातून नंतर हेच सुटतं.

दारूचंही तसंच. मोठ्या जहाजांवर पेयं विकायची असतात. पॅकेज असतं, नाहीतर प्रत्येक ग्लासावर कार्ड आणि वर साधारण १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज. रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्न या कंपन्यांमध्ये बहुतेक पेयं आणि टिप भाड्यातच धरलेली असतात. वायकिंगवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबरची वाईन आणि बिअर भाड्यात येते. क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' वर तर केबिनवरून रेस्टॉरंट ठरतं: ब्रिटानिया, त्याच्या वर प्रिन्सेस ग्रिल, सगळ्यात वर क्वीन्स ग्रिल. बिल नसलं की काम सोपं, असं मुलांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. बिल असलं की पाहुणा निदान मोजून मागतो.

पहिलं कॉन्ट्रॅक्ट सहसा मोठ्या जहाजाचं मिळतं. कोणाची सुरुवात मुंबईहून २०२१ पासून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर होते. त्यात कमीपणा काहीच नाही. पायऱ्या साधारण अशा: असिस्टंट वेटर, वेटर, हेड वेटर, त्यांच्यावर मेत्र दी, म्हणजे डायनिंग रूमचा मुख्य. बारकडे बार सर्व्हर, बारटेंडर आणि फक्त वाईन पाहणारा सोमेलिए. बऱ्याच जणांना आधी बुफेत ताटं उचलावी लागतात. मीही चार महिने उचलली.

२. कागदपत्रं, आणि बेलापूरची ऑफिसं

हे पटकन उरकते. पासपोर्ट, इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक), एसटीसीडब्ल्यू या खलाशी-प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणेचे बेसिक कोर्स (पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जोडीला सिक्युरिटीचा कोर्स), सीडीसी (खलाशी वही, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपत्र), मान्यताप्राप्त डॉक्टरकडची मेडिकल, गरजेनुसार यलो फीवरची लस. जहाज अमेरिकेच्या बंदरांत जाणार असेल तर सी-वन/डी हा जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा व्हिसा, त्याची मुलाखत बीकेसीला. कोर्स करण्याआधी ती संस्था डीजी शिपिंग या सरकारी नौवहन कार्यालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे ना ते पाहा. आणि सीवूड्सजवळ टी. एस. चाणक्य दिसतं म्हणून तिथे चौकशीला जाऊ नका. तिथे जहाज चालवणारे अधिकारी तयार होतात, आपण जहाजावर वाढणारे.

एजंटकडे गेलात की पहिला प्रश्न आरपीएसएल नंबरचा, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा. नंबर ऐकून परत यायचं, डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासायचा, मगच पुढे बोलायचं. एमएलसी २००६ या आंतरराष्ट्रीय करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी, मेडिकल हा खर्च तुमचा. व्हिसाचा जहाज कंपनीचा. मला पहिल्या वेळी एका ऑफिसात 'प्रोसेसिंग'चे दीड लाख सांगितले होते. आईने पोळीभाजी केंद्राच्या भिशीतून काढायची तयारीही केली होती. आम्ही आठ दिवस मागितले. नंतर पाहतो तर दाराला कुलूप आणि बाहेर जिन्यात तीस-चाळीस पोरं.

३. आग्रह घरी ठेवा

माझे आजोबा ठाण्यात लग्नामुंजींच्या पंगतीत वाढायला जायचे. जिलबी ताटात पडल्याशिवाय पुढे सरकायचं नाही ही त्यांची ख्याती. नको म्हणणारा ताटावर आडवा हात धरायचा आणि आजोबा बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचे. आपल्याकडे याला प्रेम म्हणतात, आणि ते असतंही. मी तेच घेऊन जहाजावर गेले.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलावर सत्तरीच्या एक बाई एकट्या बसत. एका रात्री त्यांनी मासा अर्धा टाकला. मी तीनदा म्हटलं, थोडं तरी घ्या ना, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल बदलून मागितलं. आमचे हेड वेटर गोव्याचे होते. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "काटा आणि सुरी कशी ठेवली होती त्यांनी?" मला आठवेना, कारण मी पाहिलंच नव्हतं. काटा-सुरी शेजारी शेजारी, सरळ ठेवलेली होती. म्हणजे झालं, उचला. बाईंनी केव्हाच सांगितलं होतं.

माझ्या मते या कामात शिकायचं ते हेच. आपल्या घरात न विचारता वाढतात. साध्या हॉटेलात विचारून वाढतात. लक्झरी जहाजावर पाहून वाढतात. शब्द शेवटी येतात. काटा-सुरी शेजारी म्हणजे संपलं. एकमेकांपासून लांब किंवा फुलीसारखी म्हणजे अजून चालू आहे. मेन्यू मिटून ठेवला म्हणजे ऑर्डरला तयार. रुमाल खुर्चीवर म्हणजे माणूस परत येणार आहे, तोवर रुमालाची घडी घालून ठेवायची. रुमाल टेबलावर सोडला म्हणजे उठायच्या बेतात. ग्लासावर तळहात आला तर बाटली खाली. आणि मान वर करून कोणी इकडेतिकडे पाहू लागलं तर तुम्हाला आधीच उशीर झाला आहे. सगळ्याच पाहुण्यांना ही काटा-सुरीची भाषा येते असंही नाही. टेक्सासचा एखादा आजोबा काटा कुठेही टाकेल. तेव्हा हलक्या आवाजात "मे आय?" म्हणून हात पुढे करायचा, आणि उत्तर येईपर्यंत प्लेटला हात लावायचा नाही.

याचा सराव फुकट होतो. तलावपाळीच्या किंवा वाशीच्या एखाद्या बऱ्या हॉटेलात एक कॉफी घेऊन अर्धा तास बसा. समोरचं एक टेबल निवडा आणि त्यांना पुढे काय लागणार ते वेटरच्या आधी ओळखायचा प्रयत्न करा. टक लावून पाहू नका म्हणजे झालं. माझ्या एका विद्यार्थ्याला त्या टेबलावरच्या काकांनी उठून विचारलं होतं, काय रे, ओळखतोस का?

आजोबांचं सगळंच मोडीत काढलं असं समजू नका. कोणत्या पाहुण्याचा उपास आहे, कोणाला मठ्ठा दोनदा लागतो, कोणत्या मावशींना वांगं चालत नाही, हे त्यांना शंभर माणसांच्या पंगतीत लक्षात असायचं. ते अगदी तसंच्या तसं जहाजावर चालतं.

४. ताटाची डावी बाजू, उजवी बाजू

काटे-चमच्यांची मांडणी पाहून मुलं घाबरतात, तेव्हा मी त्यांना आपलं ताट आठवायला सांगते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे; भाज्या आणि आमटी उजवीकडे; मध्ये भात. मीठ उजवीकडे वाढलं तर आजी ओरडायची की नाही? मग हेही तसंच, फक्त आजी वेगळी.

काटे डावीकडे. सुऱ्या उजवीकडे, धार आत प्लेटकडे. सूपचा चमचा सुऱ्यांच्या बाहेर उजवीकडे. ब्रेडची छोटी प्लेट डावीकडे, तिच्यावर लोण्याची सुरी. ग्लास उजवीकडे वर, सुरीच्या टोकाशी. गोडाचा चमचा-काटा प्लेटच्या वर आडवा. पाहुणा बाहेरून आत येत जातो, म्हणून पहिल्या पदार्थाचं सगळ्यात बाहेर. पाहुण्याने मासा मागितला तर मासा येण्याआधी माशाची सुरी आली पाहिजे. स्टेक मागितला तर दातेरी सुरी. प्लेट आली आणि सुरी नाही, ही नवख्यांची सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कॅव्हियार (माशाची खारवलेली अंडी) असेल तर धातूचा चमचा नाही, शिंपल्याचा. धातूची चव त्याला लागते म्हणतात.

चमचे-काटे उचलताना हात दांड्याला, ग्लास धरताना देठाला. ज्या भागाला पाहुण्याचं तोंड लागणार त्याला तुमचं बोट लागता कामा नये. घरी पाण्याचे ग्लास बोटं आत घालून चार-चार उचलायची सवय असेल तर आजपासून सोडा. ती सवय जायला मला दोन महिने लागले.

५. एका टेबलाची एक रात्र

पाहुणा बसतो. मिनिट-दोन मिनिटांत तुम्ही त्याच्यापाशी असायला हवं, नावासकट. खुर्ची, रुमाल, पाणी, मेन्यू. पेय विचारायचं. ब्रेड. मग ऑर्डर, आधी स्त्रिया, साधारण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, यजमान शेवटी. लहान मुलं असतील तर त्यांचं खाणं सगळ्यांच्या आधी आणायचं का ते आईला हळूच विचारायचं. आई आयुष्यभर आशीर्वाद देते.

ऑर्डर घेताना प्रत्येक खुर्चीला नंबर असतो. ठरलेल्या खुणेपासून, समजा दरवाजाजवळच्या खुर्चीपासून, एक-दोन-तीन. वहीत 'काळा कोट' किंवा 'टकलू काका' लिहायचं नाही. वही कोणाच्याही हाती पडू शकते. नंबर कशाला? प्लेटी घेऊन आल्यावर "फिश कोणाचा?" हे विचारावं लागू नये म्हणून. याला आम्ही लिलाव म्हणायचो. चांगल्या जहाजावर लिलाव करणारा वेटर फार दिवस टिकत नाही.

कोणत्या बाजूने वाढायचं यावर दोन माणसांत तीन मतं ऐकाल. साधारण रीत अशी: स्वयंपाकघरातून भरून आलेली प्लेट उजवीकडून, पेय उजवीकडून, रिकामी प्लेट उजवीकडून उचलायची, थाळ्यातून चमच्याने वाढायचं असेल आणि ब्रेड असेल तर डावीकडून. तुमच्या कंपनीचं वेगळं असेल तर कंपनीचं खरं. वाद घालू नका. सगळ्या टेबलांवर एकच पद्धत असावी, एवढाच त्यामागचा मुद्दा आहे.

पहिले दोन घास झाले की एकदा जवळ जायचं. जास्त वेळ नाही, तोंडात घास असताना नाही. सगळ्यांचं संपेपर्यंत एकाचीही प्लेट उचलायची नाही, नाहीतर हळू खाणाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं. आपल्या पंगतीत शेवटच्या माणसाचा ताकभात होईपर्यंत कोणी उठत नाही, तोच नियम. गोडाआधी मीठ-मिरी, ब्रेडच्या प्लेटी हलवायच्या, टेबलावरचा चुरा क्रंबरने ओढून घ्यायचा. मग डेझर्ट, कॉफी, आणि निघताना पुन्हा नावाने शुभरात्री.

ट्रेचा सराव आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात होतो. डावा तळहात, अर्धा-अर्धा लिटरच्या पाण्याने भरलेल्या सहा बाटल्या, तिसरा मजला. जहाज हलतं तेव्हा नजर पायांकडे गेली की तोल गेला, म्हणून समोर पाहूनच चालायचं. शेजारच्या जोशीकाकू रोज विचारतात, लिफ्ट बंद आहे का?

६. ॲलर्जी: इथे अंदाज नाही

बाकी चुका माफ होतात. ही नाही. अमेरिकेच्या कायद्यात नऊ मुख्य ॲलर्जन आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे जीव, बदाम-काजूसारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, आणि २०२३ पासून तीळ. युरोपची यादी चौदांची आहे. पाहुण्याने ॲलर्जीचा शब्द काढला की लिहून घ्यायचं, त्याच्यासमोर पुन्हा वाचायचं, हेड वेटरला सांगायचं. 'मला वाटतं त्यात शेंगदाणे नसावेत' हे वाक्य जहाजावर बोलायचं नाही. माहीत नसेल तर "विचारून सांगते" म्हणा. पाहुणा त्याने कधी चिडत नाही.

इथे आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. शाकाहार आणि जैन जेवण म्हणजे काय, हे परदेशी शेफपेक्षा आपल्याला चांगलं कळतं. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासा असतो, वूस्टरशर सॉसमध्येही सहसा असतो. पॅनाकोटात जिलेटिन असतं, तेही प्राण्यांपासूनचं. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. मुलुंडच्या शहाआजी "व्हेज" म्हणून चीज मागतात तेव्हा हे त्यांना ठाऊक असतं का? जैन म्हटल्यावर कांदा-लसूण तर नाहीच, बटाटा-गाजरही नाही, हे शेफला आदल्या रात्री सांगावं लागतं, ऐन वेळी नाही. असे पाहुणे तुमच्या टेबलावर आले आणि तुम्ही हे सांभाळलंत तर मेत्र दीला तुमचं नाव आठवडाभरात पाठ होतं.

७. बाटली, पेग आणि औंस

आपल्याकडे स्मॉल ३० मिली, लार्ज ६०. जहाजावर औंस. एक औंस साधारण ३० मिलीच, पण अमेरिकन माप बऱ्याचदा दीड औंसाचं, म्हणजे ४४ मिलीच्या आसपास. 'लार्ज' तिथे कोणाला कळत नाही, 'डबल' म्हणतात. 'नीट' म्हणजे काहीही न घालता, 'ऑन द रॉक्स' म्हणजे बर्फावर, 'अप' म्हणजे बर्फाशी ढवळून किंवा हलवून, गाळून, बर्फाशिवाय. मार्टिनी मागितली तर जिन की व्होडका, ऑलिव्ह की लिंबाच्या सालीचा ट्विस्ट, एवढं विचारल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. कॉकटेलपैकी आधी नेग्रोनी पाठ करा, सगळ्यात सोपं: जिन, कंपारी, गोड व्हर्मूथ, तिन्ही सारखं.

वाईनचं थोडं सविस्तर सांगते, कारण मुलाखतीत हमखास विचारतात. बाटली मागवणाऱ्याला आधी लेबल दाखवायचं: नाव, द्राक्ष, साल. फॉइल बाटलीच्या ओठाखाली कापायचं. कॉर्क आवाज न करता काढायचा. यजमानाच्या ग्लासात घोटभर ओतायची. हा घोट आवडली का हे विचारायला नसतो, वाईन बिघडलेली नाही ना हे पाहायला असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर कॉर्कने नासली. वाद न घालता दुसरी बाटली. होकार आला की इतरांना, यजमानाला शेवटी. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, त्यामुळे सहा माणसांच्या टेबलावर हिशोबाने ओता, नाहीतर यजमानच कोरडा राहतो. ग्लास गळ्यापर्यंत भरायचा नाही, रेड तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. वरची जागा वासासाठी. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, व्हाइट ८ ते १२, रेड १५ ते १८. 'रेड वाईन रूम टेंपरेचरला' हे वाक्य मे महिन्यातल्या ठाण्यात बसून पाठ करू नका.

शॅम्पेन फक्त फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली. इटलीची प्रोसेक्को, स्पेनची कावा. सरसकट शॅम्पेन म्हणालात तर जाणकार पाहुणा मनातल्या मनात हसतो. आत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, म्हणून तार सैल केल्यापासून अंगठा कॉर्कवरून उचलायचा नाही. कॉर्क घट्ट धरून बाटली फिरवायची. आवाज फटाक्यासारखा नाही, सुस्कारा टाकल्यासारखा यायला हवा.

सरावाला कॉर्कची बाटली लागते, स्क्रू कॅपवर हात बसत नाही. वयाचा कायदाही आहे: महाराष्ट्रात बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षं. माझ्याकडे सराव रिकाम्या बाटलीत पाणी भरून, कॉर्क परत ठोकून होतो. जमलं तर नाशिकच्या एखाद्या वायनरीत टेस्टिंगला एक दिवस जाऊन या. तिथे थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. माझ्याबरोबर साताऱ्याचा एक माळकरी मुलगा होता. थेंब घेत नसे. वास, रंग आणि वाचन यांवर तो इतका तयार झाला की पाहुणे त्यालाच विचारायचे.

एक शेवटचं. नशेत गेलेल्या पाहुण्याला आणखी द्यायचं नाही हेही सेवेतच येतं. स्वतः नाही म्हणू नका. बार मॅनेजरला बोलवा. पाण्याचा ग्लास मात्र न सांगता पुढे ठेवा.

८. यूएसपीएच

यूएसपीएच म्हणजे युनायटेड स्टेट्स पब्लिक हेल्थ, जहाजांची अमेरिकन आरोग्य तपासणी. हा शब्द पहिल्या दिवशी ऐकाल आणि शेवटच्या दिवसापर्यंत ऐकत राहाल. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या परदेशी फेऱ्यांच्या जहाजांची तिथली सीडीसी ही आरोग्य संस्था (आपल्या खलाशी वहीशी हिचा संबंध नाही) न सांगता तपासणी करते. १०० पैकी ८६ किंवा जास्त तर पास, ८५ ला नापास. गरम पदार्थ ५७ अंशांच्या वर, थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात अन्न रेंगाळलं की फेकायचं. आपल्याला अन्न टाकताना जीव तुटतो. तुटू दे, टाका.

हात साबणाने वीस सेकंद. जहाजांवर ज्याची धास्ती असते त्या उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर नीट चालत नाही. पोट बिघडलं तर लपवायचं नाही. अन्नाला हात लावणाऱ्यांना लक्षणं थांबल्यावर ४८ तास वेगळं ठेवतात. टिप बुडेल म्हणून दोन गोळ्या घेऊन कामावर आलेला आमचा एक सहकारी त्याच आठवड्यात घरी गेला.

९. स्वतःला आधीच विचारून ठेवा

गोमांस आणि डुकराचं मांस वाढावं लागेल. खावं लागणार नाही, पण स्टेक रेअर आहे की मीडियम हे कापलेल्या रंगावरून ओळखावं लागेल. घरी हे बोलून घ्या. जहाजावर पोचल्यावर 'मला चालत नाही' म्हणायची सोय नसते, आणि त्यात कंपनीची चूकही नसते. मेंदी, टिकली, मंगळसूत्र, दाढी, टॅटू यांचे नियम कंपनीगणिक वेगळे. लग्न करून लगेच निघणाऱ्या मुलींनी हे आधी विचारावं. मेंदी कोपरापर्यंत काढून आलेल्या एका मुलीला आम्ही दोन आठवडे मागे ग्लास पुसायला ठेवलं होतं.

इंग्रजी साधं चालतं, पण 'नो प्रॉब्लेम'ऐवजी 'सर्टनली', 'आर यू डन?'ऐवजी 'मे आय क्लिअर?'. आणि मान डोलावणं बंद. आपली ती हो-नाहीच्या मधली मान परदेशी माणसाला कळत नाही. त्याला वाटतं तुम्ही नाही म्हणताय.

१०. झोप, आणि बॅग

कॉन्ट्रॅक्ट सहसा सहा ते नऊ महिन्यांचं, आणि आठवड्याची सुट्टी नावाची गोष्ट नाही. नियमाने २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी. तासांच्या नोंदीवर सही करण्याआधी आकडे वाचा. क्रूची मुख्य लांबलचक गल्ली म्हणजे 'आय-९५', आळशाला 'मामागायो', आपल्या देशाच्या माणसाला 'पैसानो'. हे शब्द आठवडाभरात तुमच्याही तोंडी बसतील. पहिले दोन-तीन दिवस पोट ढवळलं तर हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं, आणि रिकाम्या पोटी अजिबात राहायचं नाही.

बॅगेत न घसरणारे काळे बूट, दोन जोड, ठाण्यात महिनाभर वापरून सैल केलेले. काळी पेनं डझनभर. पाहुणे घेऊन जातात. खिशात मावेल अशी वही, क्रंबर, लायटर लागेल का ते कंपनीला विचारून. इलेक्ट्रिक केटल आणि इस्त्री नेऊ नका, जहाजावर चढतानाच काढून घेतात. मेसमध्ये भात-डाळ मिळते, त्यामुळे मेतकुटाचा डबा आईचं मन राखण्यापुरता. आणि कॉर्कस्क्रू चेक-इनच्या बॅगेत. आजोबांनी जांभळी नाक्यावरून खास शोधून आणलेला माझा पहिला कॉर्कस्क्रू, त्याला छोटं पातं होतं म्हणून, सहारच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या डब्यात गेला.